कर्ण्याची अकरावी पायरी

मित्रांनो, मी दोब्रोतिनचा जुना पितळी कर्णा. वय अडीचशेच्या पुढे गेले. माझ्यापाशी सांगण्यासारखे काही आहे की नाही, याची मला स्वतःलाच खात्री नाही. माझ्या अंगावर एक खोल पोचा आहे, माझा एक स्वर जन्मापासून वाकडा आहे, आणि बोलायचे झाले तर मला दुसऱ्याचा श्वास उसना घ्यावा लागतो. पण परवा ब्लाझेनाने मला पुसून पेटीत ठेवताना म्हटले, "तुला बोलता आलं असतं ना, तर आमचा अर्धा दिवस वाचला असता." तेव्हापासून वाटते आहे, सांगून टाकावे. कंटाळा आला तर मधूनच उठून जा. मी मनाला लावून घेणार नाही.

माझा जन्म बोहेमियाच्या डोंगरातला, एका तांबटाच्या कामशाळेतला. त्याने पितळेचा पत्रा कापून त्याची लांबच लांब नळी केली, सांध्याला डाग दिला आणि नळीत वितळलेले शिसे ओतले. रिकामी नळी वाकवू गेले तर चेपते; पोट भरलेले असले की निमूट वाकते. मग मला साप वेटोळे घालतो तसे गोल केले, शिसे पुन्हा वितळवून काढले आणि धोत्र्याच्या फुलासारखे रुंद तोंड जोडले. माझ्या आधी दोनच दिवस माझा जुळा भाऊ तयार झाला होता. आम्ही कर्णे नेहमी जोडीनेच जन्मतो, कारण आमच्यासाठी लिहिणारे नेहमी दोघांसाठी लिहितात.

माझ्या अंगावर एकही कळ नाही, एकही भोक नाही. स्वर निघतात ते फक्त ओठांच्या आणि श्वासाच्या जोरावर, आणि तेही जिन्याच्या पायऱ्यांसारखे. खालच्या पायऱ्या लांब लांब, वर चढावे तशा जवळ जवळ. त्यातली अकरावी पायरी वाकडी आहे. ती एका स्वराच्या थोडी वर आणि पुढच्या स्वराच्या थोडी खाली पडते. तांबटाने मला वाजवून पाहिले तेव्हा त्या पायरीवर त्याने डोके खाजवले आणि म्हणाला, "याला इलाज नाही. सगळ्यांचं असंच असतं." मला तेवढाच धीर आला.

आम्हा दोघांना दोब्रोतिनच्या गढीत पाठवले. तिथल्या उमरावाचा स्वतःचा वाद्यवृंद होता. वेगळे वादक ठेवणे त्याला परवडत नव्हते, म्हणून शिंपी ओबो वाजवी, आचारी व्हायोला, आणि शिकारखान्यातला तोबियाश मला वाजवी. या सगळ्यांचा गुरू म्हणजे मातेय क्रोपाच, एक बुटका, सदा घाईत असलेला माणूस. सूर चुकला की तो ओरडत नसे. चुकणाऱ्याच्या जवळ जाऊन हळूच विचारी, "आज सूप खारट झालं होतं, त्याचं हे उत्तर का?"

क्रोपाचने गढीतल्या मोठ्या दिवाणखान्यासाठी एक सिंफनी लिहिली. तिच्या शेवटच्या भागात शिकारीची हाक आहे. चार स्वर वर चढतात आणि अकराव्या पायरीवर जाऊन थांबतात. चांगले चार ठोके तिथेच थांबतात.

"गुरुजी, तो स्वर वाकडा आहे," तोबियाश म्हणाला.

"ठाऊक आहे."

"लोक हसतील."

"गावातली कुत्री तेवढ्या एकाच स्वराला मान वर करतात," क्रोपाच म्हणाला. "माणसांचं काय होतं ते बघू. हात बाहेर काढ, तोंड वर कर, आणि वाकडा आहे तसाच येऊ दे."

त्या काळी वादक उजवा हात माझ्या तोंडात घालून स्वर थोडा सारखा करून घेत. तोबियाशने हात काढला, मला खांद्याच्या वर उचलले आणि छताकडे तोंड करून हाक दिली. दिवाणखान्यात दोनशे माणसे होती, घेरदार झगे, टोप आणि उमरावाच्या पाच कुत्र्यांसह. सगळ्यांच्या माना वर झाल्या. हसले कोणीच नाही.

मित्रांनो, सुखाचे दिवस थोडक्यात सांगावेत असे म्हणतात. उमराव गेला. त्याच्या मुलाला घोड्यांचा नाद होता. वाद्यवृंद मोडला, सिंफनीची पाने कपाटात गेली, आणि आम्ही दोघे भाऊ माळ्यावर गेलो. पुढे तोबियाशच्या नातवाने गावात आगविझव्यांचे स्वयंसेवी पथक उभारले. लोकांना गोळा करायला त्याला मोठा आवाज हवा होता. त्याने मला माळ्यावरून उतरवले. माझा भाऊ चर्चच्या गॅलरीत गेला, आणि मोठ्या लढाईत पितळ गोळा करणारे आले तेव्हा तो घंटांबरोबर तोफांसाठी वितळायला गेला. मी पथकाच्या कोठारात होतो, म्हणून वाचलो. याचा मला आनंद वाटावा की लाज, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तोबियाशच्या नातवाला एकच हाक येत होती, आजोबांची. तीच आगीची हाक झाली. हात बाहेर, तोंड वर, चार स्वर आणि वाकडी पायरी. कर्णेवाला चौकात उभा राहून हाक देई, आणि ज्या घराला ऐकू गेली ते घर खिडकी उघडून ओरडे, "ऐकलं." सगळ्या खिडक्या "ऐकलं" म्हणेपर्यंत थांबायचे नाही, असा गावचा नियम होता. गिरणीला आग लागली तेव्हा पळता पळता मी पायरीवर पडलो आणि हा पोचा आला. पण पोच्यासकट हाक दिली, आणि शेवटची खिडकीसुद्धा "ऐकलं" म्हणाली. खरे सांगायचे तर दिवाणखान्यातल्या टाळ्यांपेक्षा मला तो एक शब्द जास्त आवडू लागला होता.

मला शेवटचा वाजवणारा बोहुमिर क्वापिल. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता, कान तांबडे आणि छाती घोड्यासारखी. मग गावात विजेचा भोंगा आला. क्वापिलनेच त्याचे बटण पहिल्यांदा दाबले, आणि मग मला जपून गावच्या खानावळीत नेऊन भट्टीच्या वर टांगले. तिथे मी साठ वर्षे होतो. खानावळीच्या मालकिणीने माझ्या तोंडात वाळलेल्या फुलांचा गुच्छ खोचला. ती गेल्यावर तिची मुलगी लिबुशे त्या फुलांवरची धूळ दर ईस्टरला फुंकून काढी. माझ्यात गेलेला साठ वर्षांतला तेवढाच श्वास, आणि तोही बाहेरून.

ब्लाझेना हावरान्कोवा तिथे जेवायला आली ती भाजलेल्या बदकासाठी. ती प्रागच्या एका वाद्यवृंदात कर्णा वाजवते. अठ्ठावन्न वर्षांची, चष्मा कायम केसांत अडकलेला. बदक संपवून तिने वर पाहिले, मग खुर्चीवर चढली, मला उलटे केले आणि तांबटाची खूण वाचली. खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बदक चांगलं नव्हतं का?" लिबुशेने विचारले.

"हा कर्णा कुठला?"

"आगीचा. हवा तर घेऊन जा. फुलं मात्र इथेच ठेवा, आईची आहेत."

ब्लाझेनाचे स्वप्न तिच्या वाद्यवृंदातल्या सगळ्यांना पाठ होते. ही माणसे जुन्या सिंफन्या जुन्याच वाद्यांवर वाजवून त्यांचे ध्वनिमुद्रण करतात. व्हायोलिनला आतड्याच्या तातीच्या तारा, बासऱ्या लाकडी. आणि शक्य असेल तर ती सिंफनी पहिल्यांदा जिथे वाजली त्याच जागी. क्रोपाचच्या सिंफनीची पाने गढीच्या कपाटात सापडली होती. दिवाणखाना अजून उभा होता. नव्हता तो फक्त कर्णा, आणि तो आता भट्टीवर सापडला. माझ्या भावाच्या जागी एका कारागिराने माझी मापे घेऊन नवा कर्णा बनवला. मी त्याला धाकटा म्हणतो. त्याच्या अंगावर पोचा नाही. तो इतका चकचकीत होता की त्याच्यात मला माझाच चेहरा दिसला, आणि मी नजर वळवली.

पण वेळ थोडा होता. दिवाणखान्याची लाकडी जमीन किड्यांनी पोखरली होती. सोमवारी कामगार येऊन ती उखडणार आणि दगडी फरशी बसवणार, हे ठरलेले होते. लाकूड गेले की त्या खोलीचा आवाज गेला. शुक्रवार, शनिवार, रविवार, एवढेच तीन दिवस हातात. ब्लाझेनाने तेरा वर्षे वाट पाहिली होती. "एकदा, त्याच खोलीत, त्याच कर्ण्यावर," ती सगळ्यांना सांगे. "मग मी कुणाला काही मागणार नाही."

"हे तू प्रत्येक वेळी म्हणतेस," ओताकर म्हणे. ओताकर ध्वनिमुद्रक, तिचा तीस वर्षांचा सहकारी, आणि तक्रार करण्यात कोणाला हार जाणारा नव्हे.

शुक्रवारी सकाळी ओताकर रिकाम्या दिवाणखान्यात उभा राहिला आणि त्याने टाळी वाजवली. टाळी छताला भेटली, चारही कोपरे फिरली आणि सावकाश परत आली.

"खोली आहे की विहीर?" ओताकर म्हणाला. "यात सिंफनी वाजवली तर तिचं सूप होईल."

"तेव्हा दोनशे माणसं बसायची इथे," ब्लाझेना म्हणाली. "कपडे आवाज पितात."

"मग आण दोनशे माणसं. पण खोकली नाही पाहिजेत."

लिबुशे खसखशीचे गोड पाव घेऊन आली होती. ती दारातूनच म्हणाली, "माणसांचं नाही सांगत, पण दुलया चालतील का?"

दोब्रोतिनच्या प्रत्येक घरात आजीच्या वेळच्या पिसांच्या दुलया असतात, गुबगुबीत, मांजर बसले तर दिसेनासे होते अशा. दुपारपर्यंत नव्वद दुलया गढीत आल्या. त्या खुर्च्यांवर बसवल्या, शिड्यांवर टांगल्या, दोन तर जुन्या उमरावाच्या पुतळ्याला पांघरल्या. प्रत्येक दुलईच्या कोपऱ्यात घराचे अक्षर भरलेले होते, म्हणून बायकांनी त्या ओळखीपाळखीने बसवल्या. "माझी पुढच्या रांगेत," एक म्हणाली. "तुझी नको, तुझीला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो," दुसरी म्हणाली, आणि ते खरे असावे, कारण ओबोवाला दिवसभर शिंकत होता. ओताकरने पुन्हा टाळी वाजवली. टाळी गेली आणि वेळेवर परत आली. मग त्याने लिबुशेचे दोन पाव खाल्ले.

जमीन कुरकुरत होती, म्हणून सगळ्यांनी बूट काढले आणि मोजे घालून वाजवायला बसले. शुक्रवारी सिंफनीचे पहिले दोन भाग झाले, शनिवारी सकाळी तिसरा. राहिला शेवटचा, माझा.

आणि तिथे मी अडलो.

ब्लाझेना उत्तम वाजवते. तिने पुस्तकात असते तसे केले. वाकड्या पायरीवर येताच हात माझ्या तोंडात खोल घालून स्वर सरळ करू पाहिला. स्वर सरळ झाला, पण घुसमटला. पुढच्या वेळी फुटला. त्याच्या पुढच्या वेळी निघालाच नाही. शेजारी धाकटा नेमका, स्वच्छ वाजत होता. बावीस वेळा प्रयत्न झाला.

"कर्णा दमलाय," ओताकर यंत्रे मांडलेल्या शेजारच्या खोलीतून म्हणाला. "तो स्वर दुसऱ्याकडून घेऊ. नव्यावर नीट येतोय. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल," ब्लाझेना म्हणाली.

"उद्या संध्याकाळी आपण निघतो. परवा इथे कुदळी येतील."

मित्रांनो, मला सगळे ठाऊक होते. हात बाहेर, तोंड वर. तिच्या मांडीवर पडून मी तेवढेच म्हणत होतो. पण माझे म्हणणे माझ्या नळीच्या बाहेर येत नाही. मला वाटले, ओताकरचेच बरोबर असेल. मी दमलो असेन आणि मलाच ते कळत नसेल. तिने तेविसाव्यांदा मला उचलले. हात घामाने निसटला असेल की काय, पण शेवटचा स्वर थोडासा वाकडा, थोडासा मोकळा सुटला, आणि खिडकीच्या वरच्या फुटक्या काचेतून बाहेर चौकात गेला.

चौकात बाकावर क्वापिल बसला होता. आता शहाऐंशी वर्षांचा. तो आठवडाभर मुलीकडे गेलेला होता आणि नुकताच बसमधून उतरला होता. दुलयांचे, ध्वनिमुद्रणाचे त्याला काही माहीत नव्हते. त्याने हाक ऐकली. साठ वर्षांनी ऐकली. तो उठला, "ऐकलं" म्हणाला, पथकाच्या कोठारापर्यंत काठी टेकत चालला आणि भोंग्याचे बटण दाबले.

भोंगा वाजला की दोब्रोतिनमध्ये कोणी कारण विचारत नाही. सहा मिनिटांत लाल गाडी गढीच्या अंगणात आली. दिवाणखान्याचे दार उघडले आणि शिरस्त्राणे घातलेले पाच जण पाण्याची नळी घेऊन आत शिरले. समोर मोज्यांत बसलेली तीस माणसे आणि नव्वद दुलया.

"आग कुठंय?" पुढच्याने विचारले.

"आग नाही," ब्लाझेना म्हणाली. "सिंफनी आहे."

"मग भोंगा कोणी दाबला?"

"मी," मागून क्वापिल आला. धापा टाकत होता. "कर्णा वाजला. कर्णा वाजला की आपण निघतो."

"काका, भोंगा आल्याला साठ वर्षं झाली," आगविझव्या म्हणाला.

"मग काय कर्णा खोटं बोलतो?" क्वापिल म्हणाला. मग त्याला मी दिसलो. तो जवळ आला आणि त्याने माझ्या पोच्यावर अंगठा ठेवला. "गिरणीचा," तो म्हणाला. "कोण वाजवत होतं?"

"मी."

"इतकं घुसमटून का? मला वाटलं, धुरात सापडलाय कोणी." त्याने तिचा हात पाहिला. "हात आत कशाला घालतेस पोरी? त्याला सहन होत नाही ते. हात बाहेर, तोंड वर. चौकात असंच शिकवलं आम्हाला."

"काका, तसं केलं तर तो स्वर वाकडा येतो."

"वाकडाच आहे तो," क्वापिल म्हणाला. "सरळ असता तर गाव उठलं असतं का?"

ब्लाझेनाने चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर घातला, कधी नव्हे तो, आणि क्वापिलला विचारले, "तुम्हाला कोणी शिकवलं?" त्याने नाव सांगितले. त्या माणसाला कोणी शिकवले, त्याच्या आधी कोणी, असे मागे मागे जात सांगितले. चौथे नाव तोबियाशच्या नातवाचे होते. सिंफनीच्या जुन्या पानावर कर्णेवाल्याचे नाव लिहिलेले होते, तोबियाश. तिने ते पान उचलून क्वापिलपुढे धरले. त्याला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हते, पण त्याने मान हलवली.

त्या दिवशी पुढे काही झाले नाही. भोंग्याने सगळे गाव अंगणात आले होते, आणि आलेल्या आगविझव्यांना बिअर दिल्याशिवाय पाठवणे दोब्रोतिनमध्ये अशुभ मानतात. ओताकर पिंपावर बसून म्हणाला, "अर्धा दिवस गेला. आता एक सकाळ उरली." पण त्याने क्वापिलचा पेला स्वतः भरला.

रविवारी सकाळी ब्लाझेनाने मला खांद्याच्या वर उचलले. हात बाहेर. पहिल्या व्हायोलिनचे गृहस्थ कपाळाला आठ्या घालून बसले होते. "त्या स्वराबरोबर आमचा स्वर भांडेल," ते म्हणाले. मग त्यांनी हाक एकदा ऐकली आणि तातीच्या तारेवर बोट केसभर वर सरकवले. "जाऊ दे. त्याला सरकता येत नाही, आम्हाला येतं. आम्हीच त्याच्याकडे जातो."

क्वापिलला पहिल्या रांगेत बसवायचे ठरले होते. तो आला नाही. "मी कोठारात बसतो," त्याने निरोप पाठवला. "नाही तर माझ्यासारखा दुसरा कोणी म्हातारा बटण दाबेल." भोंग्याच्या पेटीची किल्ली खिशात घालून तो दार उघडे टाकून बसला. त्याने गावभर सांगून बदके कोंडली होती, ट्रॅक्टर बंद ठेवले होते, आणि पाद्रीबाबांनी बाराची घंटा पाच मिनिटे उशिरा वाजवायचे कबूल केले होते.

बाराला दहा मिनिटे असताना शेवटचा भाग सुरू झाला. आधी धाकट्याने चार स्वर दिले, माझेच, माझ्याच मापाचे, फक्त तरुण. मग माझी पाळी. ब्लाझेनाचा श्वास माझ्या वेटोळ्यांतून धावला. पहिला स्वर, दुसरा, तिसरा, चौथा, आणि मी अकराव्या पायरीवर उभा राहिलो. वाकडा होतो. चार ठोके वाकडाच राहिलो. व्हायोलिने माझ्याकडे सरकली, धाकटाही सरकला, आणि जुनी लाकडी जमीन मोज्यांखाली थरथरली, तोबियाशच्या वेळी थरथरली होती तशी. मी कोणाला हसताना ऐकले नाही.

सिंफनी संपली. शेवटचा आवाज दुलयांवरून फिरला, छतापर्यंत गेला आणि तिथे विरला. तीस माणसे श्वास धरून बसली होती, कारण दारात उभ्या ओताकरचा हात अजून वर होता. आवाज पूर्ण विरेपर्यंत कोणी हलायचे नसते.

आणि त्या शांततेत, फुटक्या काचेतून, चौकापलीकडून एक म्हातारा आवाज आला.

"ऐकलं."

ओताकरचा हात खाली आला. त्याने आत जाऊन ते पुन्हा लावून पाहिले आणि दारात येऊन उभा राहिला. "शेवटचा स्वर संपल्यानंतर आलंय," तो म्हणाला. "सहज कापता येईल."

"कापू नकोस," ब्लाझेना म्हणाली.

त्याने कापले नाही. तुम्ही ते ध्वनिमुद्रण ऐकाल तर शेवटी जरा थांबा, लगेच बंद करू नका.

सोमवारी कामगार आले. मला त्याचे वाईट वाटते, पण फार नाही. आता मी आणि धाकटा एकाच पेटीत असतो. त्याच्या कडेला परवा पहिला पोचा पडला. तो फार कष्टी झाला, तेव्हा मी त्याला गिरणीची गोष्ट सांगितली. लिबुशेने फुले दुसऱ्या खिळ्याला टांगली आहेत.

मित्रांनो, उपदेश करण्याइतका मी मोठा नाही. पण तुमच्या घरी, शाळेत, कुठे भिंतीवर एखादे जुने वाद्य गप्प टांगलेले असेल, तर त्याला नुसते पुसून पुन्हा टांगू नका. ते ज्याने वाजवले असा कोणी म्हातारा जवळपास बाकावर बसलेला असेल. त्याला विचारा, कसे धरायचे, तोंड कुठे करायचे. त्याचा वाकडा स्वर सरळ करायची घाई करू नका. आणि वाजवून झाले की, वाईट वाजले तरी, एकदा खिडकी उघडून तेवढा एक शब्द म्हणा. आम्हाला दुसरे काही लागत नाही.